नोरे कोणाचे? नामिबियातील न्याए न्याए येथील जुत्वांसी सान समाजाच्या स्थित्यंतराचा प्रकरण अभ्यास

कलहारीच्या उत्तर भागात परक्या पाणवठ्याशी पोहोचलेला जुत्वांसी माणूस थेट पाण्याकडे जात नसे. तो धनुष्य आणि भाता बाजूला ठेवी, वस्तीपासून काही अंतरावर बसून राही आणि त्या जागेच्या जुन्या कुटुंबातले कोणी बोलायला आले की इथे पाणी प्यावे का, काही दिवस राहावे का, असे विचारी. नकार सहसा मिळत नसे, कारण तहानलेल्याला पाणी नाकारणे ही तिथेही नामुष्कीच होती. पण विचारणे मात्र कधी टळत नसे. पाणवठा, त्याच्या भोवतालचे कंद आणि फळझाडे आणि जनावरांच्या येण्याजाण्याचा मुलूख हे सगळे मिळून एक ‘नोरे’ होई. नोरेचा हक्क आईकडूनही येई आणि वडिलांकडूनही, आणि तिथे सर्वांत दीर्घकाळ राहिलेल्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांना ‘नोरे-क्खाव’, म्हणजे नोरेचे धनी, म्हणत. याला मराठीत वतन म्हणावे तर त्याला सनद नाही, आणि शिवार म्हणावे तर त्यात नांगर नाही. हे धनीपण विकता येत नसे आणि त्याचे भाडेही घेता येत नसे. विचारायला आलेल्याला होकार देण्याचा अधिकार, एवढाच त्याचा अर्थ होता.

प्रस्तुत अभ्यास या एका संस्थेचे गेल्या सुमारे सत्तर वर्षांत काय झाले, याचा आहे. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात सान गटांची एकत्रित लोकसंख्या लाखाच्या आसपास किंवा त्याहून काहीशी अधिक मानली जाते, आणि त्यांतील बहुतेकांच्या हातून जमीन गेलेली आहे. नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातील न्याए न्याए हा त्याला असलेला एक ठळक अपवाद होय. तिथले सान स्वतःला जुत्वांसी, म्हणजे ‘खरी माणसे’, म्हणवतात. त्यांच्या भाषेतील जिभेच्या टाळीसारखे व्यंजनध्वनी देवनागरीत उतरत नाहीत, त्यामुळे येथील सर्व नावे अंदाजाने लिहिलेली आहेत हे वाचकाने ध्यानात घ्यावे. ‘सान’ हे नावही त्यांचे स्वतःचे नव्हे. गुरे पाळणाऱ्या खोई लोकांनी, गुरे नसलेल्या आणि रानात वेचून खाणाऱ्या लोकांना दिलेले ते काहीसे हिणवणारे नाव आहे, आणि ज्या समाजाची ओळखच ‘गुरे नसलेले’ अशी करून दिली गेली त्याच्या गेल्या अर्धशतकाच्या इतिहासात गुरांनाच एवढे स्थान मिळावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

पूर्वीची घडी

शिकार ही या जीवनाची प्रतिमा असली तरी पोट भरत असे ते प्रामुख्याने बायकांनी वेचून आणलेल्या अन्नावर. मोंगोंगोच्या कठीण कवचातील तेलकट गर, कंद, मुळे, बोरांसारखी फळे आणि हंगामी पालेभाजी यांचा त्यात मोठा वाटा होता. सीमेपलीकडे, आजच्या बोत्सवानातील दोबे येथे १९६०च्या दशकात मानवशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी रोजच्या कामाच्या आणि अन्नाच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा प्रौढ माणसे अन्न मिळवण्यासाठी आठवड्यातले सरासरी अडीच दिवसदेखील खर्च करीत नाहीत, असे आढळले. या आकड्याचे पुढे जगभर कौतुक झाले आणि त्यावर वादही झाले. स्वयंपाक, सरपण, हत्यारांची डागडुजी हे श्रम त्यात धरलेले नव्हते. तरीही कलहारीतला माणूस सतत उपासमारीच्या काठावर जगतो, ही समजूत त्यानंतर पूर्वीसारखी टिकली नाही.

मांसाची वाटणी हे या घडीचे दुसरे अंग होते. कुडू किंवा गेम्सबॉकसारखा मोठा हरीणवर्गीय प्राणी पाडला तर त्याचे धनीपण नेम मारणाऱ्याकडे न जाता ज्याचा बाण त्याच्याकडे जाई, आणि बाण एकमेकांना उसने दिले-घेतले जात असल्याने शिकारीला कधीही न गेलेली म्हातारी बाईसुद्धा मांस वाटण्याची मानकरी ठरू शके. मोठी शिकार करून आलेल्या माणसाने स्वतःच ती किरकोळ असल्याचे सांगावे, आणि ती उचलायला गेलेल्यांनी ‘हाडांच्या या पोत्यासाठी आम्हाला एवढे चालवलेस का’ अशा चालीवर कुरकुर करावी, असा रिवाज होता. तरुण शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये, हा त्याचा उघड सांगितला जाणारा हेतू. याच्या जोडीला ‘खारो’ नावाची भेटवस्तूंची देवघेव चाले. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, बाण, भांडी अशा वस्तू ठरलेल्या जोडीदारांमध्ये वर्षानुवर्षे फिरत राहत, आणि काही जोडीदार दोनशे किलोमीटर दूर असत. मानवशास्त्रज्ञ पॉली वीस्नर यांनी १९७०च्या दशकात केलेल्या पाहणीत लोकांजवळच्या सुमारे दोन-तृतीयांश वस्तू अशा देवघेवीतून आलेल्या आढळल्या. दुष्काळात स्वतःच्या नोरेतले पाणी आटले की याच जोडीदाराच्या दारात जाऊन बसता येई, म्हणजे मण्यांची माळ हा एका अर्थाने विमाच होता.

हे लोक जगापासून तुटलेले होते, असे मात्र समजू नये. लोखंड, तंबाखू आणि मातीची भांडी त्यांच्याकडे शेजारच्या शेतकरी आणि पशुपालक समाजांकडून फार पूर्वीपासून येत होती. १९६५ मध्ये दोबे आणि न्याए न्याए यांच्या मधून आंतरराष्ट्रीय सीमेचे कुंपण उभे राहिले आणि एकाच गोतावळ्याचे दोन तुकडे झाले. कुंपणाची तार ठोकून तिची बाणाग्रे करण्याचे कसब तर त्यांनी चांगलेच आत्मसात केले होते.

चुमक्वे

१९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मार्शल कुटुंब (लॉरेन्स, लॉर्ना आणि त्यांची मुले एलिझाबेथ व जॉन) न्याए न्याएत आले. त्यांच्या नोंदी आणि चित्रफिती यांमुळे जुत्वांसी हा जगातील सर्वाधिक अभ्यासलेल्या शिकारी समाजांपैकी एक ठरला. त्या वेळी हा प्रदेश दक्षिण आफ्रिकेच्या अमलाखालील दक्षिण-पश्चिम आफ्रिकेचा भाग होता. १९५९च्या अखेरीस प्रशासनाने चुमक्वे येथे ठाणे उघडले, विंधण विहीर खणली आणि लोकांना तिथे येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. त्यासोबत शेतीचे धडे, मजुरी, मक्याचे पीठ आणि दवाखान्याचे आश्वासन होते. १९७० मध्ये वंशवार ‘मातृभूमी’ आखण्याच्या धोरणानुसार ‘बुशमनलँड’ जाहीर झाले, तेव्हा जुत्वांसींच्या मूळ मुलखाचा दक्षिणेकडील गाम परिसर हेरेरो लोकांसाठीच्या प्रदेशात गेला आणि उत्तरेकडील काउदुम पुढे वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आले. हातात उरला तो मधला तुकडा, ज्यात बारमाही पाणवठे मोजकेच होते.

चुमक्वे येथे जे घडले ते दुष्ट हेतूने घडले, असे म्हणता येणार नाही. पाणी खरोखरच होते, पीठही मिळत होते. परंतु चुमक्वे हे मुळात एका छोट्या गटाचे नोरे होते, आणि तिथे वेगवेगळ्या नोरेंतील शेकडो माणसे एकत्र आणली गेली, ज्यांतील बहुतेकांना तिथे होकार-नकार देण्याचा कोणताच अधिकार नव्हता. भोवतालचे कंद आणि शिकार काही वर्षांतच संपली. पूर्वी दोन कुटुंबांचे पटेनासे झाले की एक कुटुंब उठून आपल्या दुसऱ्या नोरेत जाई, आणि भांडण अंतरानेच शमे. आता विहीर, पीठ आणि पगार एकाच ठिकाणी असल्याने उठून जाणे परवडेनासे झाले. पुढे दारूचे दुकान आले. क्षयरोग, मारामाऱ्या आणि दारूच्या नशेतले खून यांमुळे १९७८ मध्ये, वीस वर्षांच्या सरकारी बंदीनंतर परतलेल्या जॉन मार्शल यांना लोकांनी ते ‘मरणाचे ठिकाण’ झाल्याचे सांगितले.

त्याच सुमारास स्वापो या नामिबियाच्या मुक्तिसंघटनेच्या स्वातंत्र्ययुद्धाविरुद्ध लढणाऱ्या दक्षिण आफ्रिकी सैन्याने जुत्वांसी पुरुषांची भरती सुरू केली. माग काढण्यातली त्यांची हुशारी सैन्याला हवी होती. या पगाराने जे केले ते दुष्काळानेही केले नव्हते. मांस वाटले नाही तर दोन दिवसांत नासते आणि सगळ्यांना दिसते. नोट मात्र घडी करून खिशात ठेवता येते. काही घरांत रेडिओ, ब्लँकेट आणि भरपूर पीठ, तर शेजारच्या घरात काहीच नाही, अशी विषमता या समाजाने पूर्वी पाहिलेली नव्हती. पगार पुरुषाच्या हाती येत असल्यामुळे वेचून आणणाऱ्या बाईचे घरातले वजनही घटले. अभ्यासकांचे लक्ष दारूकडे अधिक गेले. माझ्या मते खोल फूट पाडली ती पगारपत्रकाने.

परतीचा रस्ता

१९८०च्या दशकारंभी पूर्व बुशमनलँडचे अभयारण्य करण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यात राहण्याची मुभा जुत्वांसींना मिळणार होती, पण गुरे न पाळता, धनुष्यबाणाने जगणारे आणि पर्यटकांना पाहता येतील असे लोक म्हणून. यावर जुत्वांसींनी जे केले ते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल म्हणावे लागेल. १९८१ पासून काही कुटुंबे चुमक्वे सोडून आपापल्या नोरेंत परतू लागली, आणि जाताना गुरे घेऊन गेली. जॉन मार्शल आणि क्लेअर रिची यांनी उभारलेल्या प्रतिष्ठानाने विंधण विहिरी, अवजारे आणि थोडी गुरे यांसाठी पैसा उभा केला. १९८६ मध्ये शेतकऱ्यांची संघटना स्थापन झाली, आणि पुढील काही वर्षांत तिसाहून अधिक वस्त्या पुन्हा वसल्या. ज्या नोरेत ज्याचा वारसा, तिथेच त्याने वस्ती करावी, हा नियम संघटनेने कटाक्षाने पाळला. वस्तीला नवी विहीर मिळाली, तरी तिचे धनी जुनेच राहिले.

गुरे पाळणे सोपे नव्हते. सिंहांनी वासरे नेली. हत्तींनी पाण्याचा वास घेत पंप उखडले आणि टाक्या फोडल्या, त्यामुळे पुढे पंपांभोवती दगडी भिंती आणि विजेची कुंपणे करावी लागली. त्यातच हा संपूर्ण भाग लाळ्या-खुरकूत रोखण्यासाठी उभारलेल्या सरकारी कुंपणाच्या उत्तरेला पडत असल्याने इथली जनावरे दक्षिणेच्या चांगल्या बाजारात नेता येत नाहीत. शिवाय पाहुणा आला आणि घरात मांस नसले तर गोठ्यातले जनावर न कापणे हा कंजूषपणा ठरे. वाटून खाण्याची शिस्त आणि कळप वाढवण्याची शिस्त या एकमेकींच्या सवती आहेत. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक कळप वाढलेच नाहीत, काही संपलेही. तरीही वस्त्या मोडल्या नाहीत, यावरून परत येण्याचे खरे कारण गुरे नव्हती, असा निष्कर्ष काढणे भाग आहे. गुरे हा हक्काचा दृश्य पुरावा होता. शिकारी माणूस जमिनीवर कोणतीही खूण ठेवत नाही, आणि ज्या राज्यात जमिनीचा वापर म्हणजे नांगर किंवा कळप, तिथे खूण नसलेला माणूस उपराच ठरतो.

संवर्धन क्षेत्र

१९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला. १९९१ मध्ये विंडहुक येथे झालेल्या राष्ट्रीय जमीन परिषदेत जुत्वांसींचे प्रतिनिधी बोलले, आणि सान यांच्यासारख्या वंचित समाजांच्या जमीनहक्कांना विशेष संरक्षण मिळावे, असा ठराव तिथे झाला. १९९६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन सामुदायिक जमिनीवर राहणाऱ्यांना संवर्धन क्षेत्र स्थापण्याची आणि वन्यजीवांपासून होणारे उत्पन्न स्वतःकडे ठेवण्याची तरतूद झाली. या तरतुदीखाली १९९८ मध्ये देशात सर्वप्रथम नोंदले गेले ते न्याए न्याए, सुमारे ९,००० चौरस किलोमीटरचे.

यावरून तीव्र मतभेद झाले. जॉन मार्शल यांच्या मते हा जुन्याच अभयारण्य-प्रस्तावाचा नवा अवतार होता, जो जुत्वांसींना पुन्हा रानटी चित्रातल्या चौकटीत बसवू पाहत होता. शेती आणि गुरे हाच सुटकेचा मार्ग, असे ते २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांगत राहिले. उलट बाजूने, इथली पावसाची लहर पाहता गुरांवर विसंबणे हा आत्मघात असून हत्ती आणि पर्यटक हेच भरवशाचे पीक आहे, असे सांगितले जाई. दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटतात, कारण प्रत्यक्षात कुटुंबांनी एकावर कधीच भरवसा ठेवला नाही. आज एखाद्या वस्तीचा महिना चालतो तो एका म्हाताऱ्या आजीला मिळणाऱ्या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनवर, थोड्या सरकारी धान्यावर, वेचलेल्या कंदांवर, मण्यांच्या माळा विकून आलेल्या पैशांवर आणि अधूनमधून मिळणाऱ्या शिकारीवर. अनेक गोष्टींवर थोडे-थोडे विसंबणे ही तर वेचून खाणाऱ्यांची जुनीच रीत आहे. वेचायच्या वस्तू तेवढ्या बदलल्या.

संवर्धन क्षेत्राचे मोठे उत्पन्न परदेशी हौशी शिकाऱ्यांच्या परवान्यांतून, विशेषतः ठरावीक हत्तींच्या शिकारीतून येते. मांस वस्त्यांमध्ये वाटले जाते आणि शिल्लक रकमेतून प्रत्येक प्रौढ सभासदाला समान रोख हिस्सा मिळतो. स्वतःच्या खाण्यासाठी शिकार करण्याची मुभा जुत्वांसींना आहे, पण पायी आणि पारंपरिक हत्यारांनीच. बंदूक, घोडा आणि कुत्रे वर्ज्य, आणि ज्या जिराफाची शिकार त्यांच्या आजोबांच्या गोष्टींत येते तो आता संरक्षित आहे. भुंग्याच्या अळीपासून काढलेले बाणाचे विष आजही वापरात आहे. दुसरे उत्पन्न ‘डेव्हिल्स क्लॉ’ या वनस्पतीचे. आकड्यांसारख्या काट्यांच्या फळामुळे तिला हे नाव पडले, आणि तिच्या कंदाला सांधेदुखीवरील औषध म्हणून युरोपात मागणी आहे. मधले मुख्य मूळ न दुखावता केवळ बाजूचे साठवणीचे कंद काढायचे आणि खड्डा बुजवायचा, अशी पद्धत संवर्धन क्षेत्राने ठरवून दिली आहे. हे काम आपापल्या नोरेत होत असल्यामुळे आणि पैसा थेट खणणाऱ्याच्या, बऱ्याचदा बाईच्या, हाती पडत असल्यामुळे मला ते इतर सर्व योजनांपेक्षा जुन्या घडीशी अधिक जुळणारे वाटते.

अडचण झाली ती कारभाराची. निवडून आलेली समिती, अध्यक्ष, सहीचा अधिकार, वाहन या गोष्टी कायद्याला हव्या होत्या. पण वर उठू पाहणाऱ्याला चिमटे काढून खाली आणण्याचे शिक्षण पिढ्यानपिढ्या मिळालेल्या समाजात पुढारी कसा तयार व्हावा? जो बोलतो तो स्वतःला मोठा समजतो, आणि जो गाडी चालवतो तो ती नातलगांना वापरू देतो की नाही, यावरून कुजबुज होते. मेगन बीसेली यांच्यासारख्या दीर्घकाळ तिथे काम केलेल्या अभ्यासकांनी या कोंडीविषयी विस्ताराने लिहिले आहे. तरीही समितीवर जिल्ह्यांच्या आणि नोरेंच्या प्रतिनिधींना जागा ठेवल्यामुळे निर्णय पूर्णपणे चुमक्वेकडे सरकले नाहीत.

शाळेची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. पॅट्रिक डिकन्स यांनी जुत्वांसी भाषेची लेखनपद्धती आणि शब्दकोश तयार केल्यावर १९९०च्या दशकात काही वस्त्यांमध्ये पहिल्या तीन इयत्ता मातृभाषेत, स्थानिक शिक्षकांकडून शिकवल्या जाऊ लागल्या. चौथीपासून मात्र मुलाला चुमक्वेच्या वसतिगृहात जाऊन इंग्रजीतून शिकावे लागते. जिथे मुलांवर हात उगारणे हेच लाजिरवाणे मानले जाते, अशा घरांतून आलेली मुले तिथली शिक्षा आणि इतर मुलांची चेष्टा सहन न होऊन पायी घरी परततात.

जुने कसब मात्र नव्या जगाला उपयोगी पडल्याची उदाहरणेही आहेत. जुलै २०१३ मध्ये न्याए न्याएचे तीन माग काढणारे फ्रान्समधील पिरेनीज पर्वतातील हिमयुगीन गुहांमध्ये नेण्यात आले. एका गुहेतील टाचांच्या ठशांना संशोधक दीर्घकाळ धार्मिक नृत्याच्या खुणा मानत आले होते. या तिघांनी ते ठसे एका प्रौढाचे आणि एका किशोराचे असून ते चिखलमाती उचलून नेत होते, असे वाचले. त्यांच्या हाती तिथे कोणतेही यंत्र नव्हते.

२००९ आणि कायद्यातील फट

दक्षिणेकडील गाम परिसरात १९९३ मध्ये सरकारने बोत्सवानातून परतलेल्या हेरेरो कुटुंबांना वसवले होते. १९०४ नंतर जर्मनांनी केलेल्या संहारातून वाळवंट ओलांडून निसटलेल्यांचे ते वंशज, म्हणजे त्यांची बाजूही अन्यायाचीच. गाममध्ये गुरांना मारक ठरणारी एक विषारी वनस्पती उगवते आणि चारा अपुरा पडतो. एप्रिल २००९ च्या अखेरीस त्यांतील काही पशुपालकांनी मधले रोगप्रतिबंधक कुंपण कापले आणि हजाराहून अधिक गुरे चुमक्वेत आणली. कुंपण ओलांडलेली गुरे नियमानुसार जप्त झाली. माणसे मात्र तिथेच राहिली, आणि काही वर्षांत नवी गुरे दिसू लागली.

इथे न्याए न्याएच्या मांडणीतील कच्चा दुवा उघडा पडला. संवर्धन क्षेत्राचा कायदा वन्यजीव आणि पर्यटन यांवर हक्क देतो. जमीन राज्याचीच राहते आणि चराईविषयी तो काही बोलत नाही. चुमक्वेची वसाहत तर संवर्धन क्षेत्राच्या अधिकारकक्षेबाहेर आहे, त्यामुळे तिथे घर बांधून राहायला नोरेच्या धन्याची परवानगी लागत नाही, आणि तिथे बांधलेले जनावर दिवसभरात चरत कुठवर जाते हे सगळ्यांना ठाऊक असते. परक्या गुरांना हाकलण्याचे अधिकार २००२च्या सामुदायिक जमीन कायद्यानुसार पारंपरिक प्रमुख आणि जमीन मंडळ यांच्याकडे आहेत, पण अंमलबजावणी पोलिसांकडे आणि न्यायालयांकडे जाते, जिथे तारखा लागतात. जुत्वांसींनी दंडुके उचलले नाहीत. त्यांनी गुरांच्या आणि कुंपणांच्या जागा टिपल्या, तक्रारी नोंदवल्या आणि २०१३ मध्ये त्याच क्षेत्रावर सामुदायिक वनाची नोंदणी करून घेतली, कारण वनकायद्याखाली गवत आणि चराई यांवर नियंत्रण मिळवता येते. अशा रीतीने एका नोरेवर आज तीन कायद्यांचे थर आहेत, जनावरांसाठी एक, गवतासाठी दुसरा आणि वस्तीसाठी तिसरा, आणि गावाच्या कडेला चरणाऱ्या परक्या कळपाबाबत कोणत्या कार्यालयात जायचे हे ठरवण्यासाठी समितीला आधी तो कळप नेमका कोणत्या थरावर उभा आहे, हे पाहावे लागते.